घामाची साक्ष

पुणे, सदाशिव पेठ
चैत्र शुद्ध एकादशी, शके १७१७

तीर्थरूप दादांस दिगंबराचा साष्टांग नमस्कार.

पत्राच्या आरंभी ‘येथील सर्व क्षेम’ लिहावे लागते. क्षेम नाही, म्हणून ते वाक्य गाळले आहे. वाईकडे जाणारा खात्रीचा माणूस मिळाला, म्हणून लिहायला बसलो. आजवरच्या पत्रांना उत्तर आले नाही, तसे यालाही येणार नाही असे धरून चालले की लिहायला उलट मोकळे वाटते.

वरच्या कोपऱ्यात शाई फुटली आहे ती अश्रूंनी नव्हे. कशाने ते तुम्हांला ठाऊक आहे. मान तिरकी धरून लिहितो, भुवईवरचे थेंब पंचाने टिपतो, तरी एखादा निसटतोच.

आईच्या गळ्यातल्या सोन्याच्या सरीविषयी या पत्रात काही लिहिणार नाही. त्या दिवशी तुम्ही विचारलेत, ‘दिगू, सरी कुठे आहे?’ आणि माझ्या कपाळावरून धार लागली. तुम्ही ती पाहिलीत आणि पुढे काही विचारले नाहीत. ‘तोंडाने नाही, पण कपाळाने सांगितलेस,’ एवढे म्हणालात आणि महिन्याभरात बिऱ्हाड परत वाईला हलवलेत. ती सरी कुठे गेली ते मला आजही माहीत नाही. लिहिणार नाही म्हणता म्हणता लिहिले. असो.

आज विचारायचे ते वेगळे आहे. भाऊकाकांना माझ्यासारखा डोक्याला घाम यायचा का? ते गेले तेव्हा मी लहान होतो. मला एवढेच आठवते की जेवताना ते खांद्यावर ओला पंचा ठेवत आणि पंक्तीत नेहमी शेवटचा पाट धरत. तुम्हांला जास्त आठवत असेल.

अलीकडे मी या घामाची पाठच धरली आहे. ग्रह कुठे आहे आणि उद्या कुठे असेल हे दिवसभर मांडणाऱ्या जोशाला स्वतःच्या कपाळाचे गणित येऊ नये, याची चीड आली. तर पाहणी अशी. तळहात कोरडे, पावले कोरडी, पाठही कोरडी. घाम फक्त केसांत, कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर आणि वरच्या ओठावर. पौषातल्या पहाटेही येतो. लिंबाचे लोणचे खाल्ले की येतो, आणि लोणच्याची बरणी नुसती पाहिली तरी येतो. एकटा गणित करत असलो तर बहुधा येत नाही. कोणी ‘किती हो घाम तुम्हांला’ म्हणाले की मग थांबायचे नाव घेत नाही. वैद्यांनी वाळ्याचे पाणी आणि चंदनाचा लेप सांगितला. मी लेप अर्ध्याच कपाळाला लावला, म्हणजे दुसऱ्या अर्ध्याशी ताडून पाहता येईल. फरक इतकाच पडला की डाव्या बाजूचा घाम सुवासिक झाला. तुरटीचे पाणी दुपारपर्यंत तग धरते, मग तेच डोळ्यांत उतरते आणि झोंबते.

उरली पगडी. पगडी घालावी तर आत पाणी साठते, न घालावी तर चारचौघांत जाता येत नाही. म्हणून बुधवारातल्या चांद पगडीबंदाकडे गेलो. भला माणूस. माझी जुनी पगडी उलटी करून आतले डाग बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, ‘जोशीबुवा, ही पगडी नाही, पखाल आहे. एक दिवस निवांत या. आतला सांगाडा बदलून पाहू.’ रामनवमीच्या दुपारी गेलो. रामजन्माच्या गर्दीत मी जात नाही. प्रसादाला हात पुढे केला की आधी माझा थेंब पडतो आणि लोक सरकतात. सगळी पेठ देवळांत होती. आम्ही दोघे दुकानात, तो पट्ट्या गुंडाळतो, मी डोके पुढे करतो, असे दिवे लागेपर्यंत चालले. खर्ड्याची लढाई जिंकून फौज परतणार म्हणून त्याच्याकडे पगड्यांची रास लागली होती, तरी त्याने वेळ दिला.

त्याच दुपारी एका सरदाराच्या वाड्यातून पगडीवरचा मोत्यांचा तुरा नाहीसा झाला. सकाळी चांद तिथे पगडी बांधायला गेला होता. पहारेकरी सांगतो, तिसऱ्या प्रहरी पगड्यांचे गाठोडे घेतलेला माणूस मागच्या दाराने गेला, तो चांदच. चांदला धरून नेले आहे. पौर्णिमेला चावडीत माझी साक्ष आहे. सोपे काम आहे. पाहिले ते सांगायचे.

भाऊकाकांचे तेवढे आठवून पाहावे. वहिनींस नमस्कार, शालू आणि माधवास आशीर्वाद.

*

चैत्र वद्य प्रतिपदा

तीर्थरूप दादांस दिगंबराचा नमस्कार.

काम सोपे नव्हते.

पंचांत एक वृद्ध शास्त्रीबुवा आहेत. आवाज मंद, डोळे तीक्ष्ण. समोर वाड्याचे कारभारी जयसिंगराव, आणि कोपऱ्यात बेडी घातलेला चांद.

शास्त्रीबुवांनी विचारले, ‘रामनवमीच्या तिसऱ्या प्रहरी कुठे होता?’

‘चांदच्या दुकानात.’

‘किती वेळ?’

‘मध्यान्हीपासून दिवे लागेपर्यंत.’

‘चांद मध्ये कुठे गेला?’

‘कुठेही नाही. माझे डोके त्याच्या हातात होते.’

मागे कोणी हसले. त्यावर जयसिंगराव म्हणाले, ‘जोशी रामजन्माला देवळात नाही आणि पगडीबंदाच्या दुकानात बसतो, हे पंचांना पटते का पाहावे. आणि साक्षीदाराचे कपाळही पाहावे.’

सगळ्यांनी पाहिले. दादा, त्या क्षणी मला पहिल्यांदा नीट कळले की घाम आधी येतो आणि भीती नंतर. आधी केसांच्या मुळाशी मुंग्या, मग कानामागे ओल, आणि थेंब हनुवटीवर आला की मग वाटते, आता संपले. हे तुम्हांला लिहून ठेवावे असे तिथे उभ्या उभ्याच वाटले.

शास्त्रीबुवा म्हणाले, ‘खोट्या साक्षीदाराचे कपाळ घामेजते, असे शास्त्र सांगते.’

मी म्हणालो, ‘मला नेहमीच येतो.’

‘वडिलांचे नाव काय?’

सांगितले. घाम.

‘आत्ता दिवस आहे की रात्र?’

‘दिवस.’ घाम.

‘रात्र म्हणा.’

‘रात्र.’ तितकाच घाम.

लोक मोठ्याने हसले. शास्त्रीबुवा हसले नाहीत. पुढे वाकून माझ्याकडे असे पाहू लागले, जसा मी ग्रहणाकडे पाहतो. ‘चमत्कारिक आहे,’ म्हणाले. मग पंचांना समजावून सांगितले, ‘शास्त्राचा रोख असा की माणसाचा मूळ स्वभाव पालटला तर ते खोटेपणाचे लक्षण. याचा स्वभावच असा असेल तर ते लक्षण नव्हे. पण स्वभाव कशावरून? चावडीच्या भीतीने येत असेल तर दिवस म्हणतानाही येईल.’

मी शेजाऱ्यांची नावे सांगितली. त्यांना बोलावणे गेले. एकाला ताप आला, एक देवदर्शनाला निघाला, एक म्हणाला की मी कुणाच्या तोंडाकडे पाहत नसतो. वाड्याविरुद्ध बोलायला पेठेत कोणी तयार नाही. बायकोची साक्ष नवऱ्यासाठी धरत नाहीत.

शेवटी शास्त्रीबुवा म्हणाले, ‘वैशाख शुद्ध द्वितीयेपर्यंत मुदत. लहानपणापासून पाहिलेला, पण तुमच्या ओंजळीने पाणी न पिणारा, असा माणूस आणा.’

बाहेर पडताना जयसिंगराव पंचांशी बोलत होते ते कानावर आले. चोरी शाबीत झाली तर उजवा हात तोडावा, असे ते मागणार आहेत.

*

चैत्र वद्य चतुर्थी

तीर्थरूप दादा,

मागच्या पत्रात जे लिहायचे टाळले ते लिहितो. तो माणूस तुम्हीच आहात. दुसरा कोणी नाही.

चावडीत घाम नडला तर तुम्हांलाच बोलवावे, हे पौर्णिमेच्या आधीच माझ्या मनात होते. भाऊकाकांचे निमित्त काढून मी तुमचा कानोसा घेत होतो. उत्तर आले असते तर पुढचे विचारणार होतो.

चांदची बायको रझिया काल दाराशी आली होती. आत बस म्हटले तरी बसली नाही. म्हणाली, ‘जोशीबुवा, घामासाठीच तुम्ही दुकानात आला होता ना?’

‘हो.’

‘मग ज्या कारणानं तुम्ही तिथं होतात, त्याच कारणानं तुमचं म्हणणं खोटं पडतंय.’

मी म्हणालो, ‘तसेच आहे.’

‘तुमचं कुणी नाही का, तुम्हांला ओळखणारं?’

मी म्हणालो, ‘एक आहेत. पण तेही मला खोटा समजतात.’

मग म्हणाली, ‘खोटा समजू देत. घाम येतो एवढं तर सांगतील?’

दादा, मी तेच मागतो आहे. मी खरे बोलतो असे सांगू नका. ते तुम्हांला पटत नसेल तर तुमच्या तोंडून मला नकोही आहे. फक्त लहानपणी काय पाहिलेत ते सांगा.

एक गंमत कळली आहे. घरात मी बोललो की मी रात्रंदिवस भिजतो. त्यावर आमच्या घरातून उत्तर आले, ‘रात्र वगळा. झोपेत तुमचं कपाळ माझ्या कपाळासारखं कोरडं असतं. इतक्या वर्षांत तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही.’ मी चकित झालो. म्हणजे झरा आटलेला नाही, पण झोपेत त्याला कोणी तरी झाकण घालते. कोण घालते? जागेपणी तेच का घालत नाही? वैद्यांना विचारले तर ते म्हणाले, झोपलेल्या माणसाला कशाला औषध हवे.

मी उत्तराची वाट पाहतो.

*

चैत्र वद्य त्रयोदशी

तीर्थरूप दादा,

वाईहून परतलेला माणूस भेटला. पत्रे हातात दिली, म्हणाला. तुम्ही वाचलीत, घडी घातलीत आणि आत गेलात. निरोप नाही.

चांदला भेटायला गेलो होतो. मी गजाशी उभा होतो, तो आतून म्हणाला, ‘नवी पगडी कशी आहे? कपाळाला हवा लागते का?’ मी म्हणालो, लागते. ‘मागची पट्टी अजून अर्धा बोट कमी करता आली असती,’ म्हणाला आणि आपल्या हातांकडे पाहत बसला.

तुम्ही यावे म्हणून आणखी काही लिहिणार नाही. लिहिले तरी हे पत्र मुदतीआधी पोचेल की नाही, शंका आहे.

*

वैशाख शुद्ध पंचमी

तीर्थरूप दादांस दिगंबराचा साष्टांग नमस्कार.

चांद सुटला. आधी हे, कारण तुम्ही निकाल ऐकायला थांबला नाहीत. पंचांनी दुसऱ्या दिवशी माझी साक्ष ग्राह्य धरली आणि बेडी काढली. तुरा अजून सापडलेला नाही. पहारेकऱ्याने दुसऱ्याच कोणाला पाहिले असेल, किंवा कोणालाच नाही. जगात किती वस्तू अशा हरवतात, आणि प्रत्येकीमागे कुणाच्या तरी कपाळाकडे पाहिले जाते.

द्वितीयेला सकाळी तुम्हांला चावडीच्या दारात पाहिले, तेव्हा मी उठून उभा राहिलो आणि तेवढ्यात मला बाहेर ओसरीवर बसवले. एका साक्षीदाराने दुसऱ्याचे ऐकायचे नसते. आत काय झाले ते मला चांदने सांगितले. तो बेडीत बसून सगळे ऐकत होता. त्याचे सांगणे मी जसेच्या तसे लिहितो. चुकले असेल तर दुरुस्त करावे, कारण मला ते अगदी नीट हवे आहे.

शास्त्रीबुवांनी विचारले, ‘भावाशी बोलणे आहे?’

तुम्ही म्हणालात, ‘सहा वर्षे नाही.’

‘मग त्याच्या बाजूने कसे आलात?’

‘कोणाच्या बाजूने आलो नाही. विचाराल ते सांगायला आलो.’

मग तुम्ही कृष्णेवरचे सांगितलेत. थंडीच्या दिवसांत मी घाटावर बुडी मारून वर यायचो, तुम्ही माझे डोके खसाखसा पुसायचात, आणि पुसून पंचा पिळेपर्यंत कपाळ पुन्हा ओले. आई म्हणायची, याच्या डोक्यात गंगेची एखादी धार आहे. दादा, हे मला आठवत नव्हते. तुम्ही पुसायचात हेही आठवत नव्हते. भाऊकाकांचेही सांगितलेत म्हणे: त्यांना असाच येई आणि म्हणून ते शेवटच्या पाटावर बसत.

इथे जयसिंगरावांनी अडवले. त्यांनी पेठेतून कुठून तरी माहिती काढली होती. म्हणाले, ‘तुम्हीच एकदा याचा घाम पाहून याला घरात चोर ठरवलेत. खरे की नाही?’

चांद म्हणतो, तुम्ही पाणी मागितलेत. तांब्या आला, तुम्ही प्यालात, आणि म्हणालात, ‘खरे आहे.’

‘मग तेव्हा चुकलात, की आज चुकता आहात?’

‘तेव्हा.’

चांद सांगतो की शास्त्रीबुवांनी तो एक शब्द लिहून घ्यायला लावला. हे असेच घडले का? त्याच्यावर माझा विश्वास आहे, तरी विचारतो. तो शब्द तुमच्या आवाजात कसा ऐकू आला असेल, याचा मी तेव्हापासून अंदाज करतो आहे.

पुढचे मला ठाऊक आहे, कारण मी तिथे होतो. तुम्ही बाहेर आलात. गाडी जुंपलेलीच होती. तुम्ही माझ्यासमोर थांबलात.

‘अजून तसाच येतो?’

‘तसाच.’

‘कशाने येतो, काही कळले?’

‘नाही. अजून पाहतो आहे.’

तुम्ही चढायला पाय उचललात, पुन्हा खाली ठेवलात आणि म्हणालात, ‘माधवालाही येतो.’

आणि गेलात. मी ओसरीवर तसाच उभा राहिलो. आता कितीतरी प्रश्न सुचतात, तेव्हा एकही सुचला नाही. माधवाला केव्हापासून येतो? तळहात कोरडे असतात का? जेवताना जास्त की कोणी पाहिले की जास्त? झोपेत कपाळ कोरडे असते का, हे वहिनींना एकदा हात लावून पाहायला सांगावे. आणि त्याला पहिल्यांदा घाम फुटलेला पाहिलात तेव्हा तुम्हांला काय वाटले? या शेवटच्याचे उत्तर दिले नाही तरी चालेल. ते देण्यासाठीच तुम्ही वाईहून आलात, असे मी समजतो.

*

वैशाख वद्य तृतीया

तीर्थरूप दादांस दिगंबराचा साष्टांग नमस्कार. येथील सर्व क्षेम.

तुमचे पत्र आले. आमच्या मंडळींनी ते दोनदा वाचायला लावले आणि म्हणाल्या, ‘भावजींना लिहायला एवढंच सुचलं?’ मी म्हणालो, पुष्कळ आहे. माधवाच्या मुंजीचा मुहूर्त मागितलात, तो काढून पाठवतो. ज्येष्ठ शुद्ध पंचमी, सूर्योदयानंतर चार घटकांनी. माधव शालूच्या पाठचा, पहिले अपत्य नव्हे, तेव्हा ज्येष्ठ महिन्याची अडचण नाही. गुरुबळ चांगले आहे. दोन वेळा मांडून पाहिले, आणि मग कागद उशाखाली ठेवून सकाळी पुन्हा पाहिले.

तुम्ही लिहिता, माधव पंक्तीत बसायला नाही म्हणतो. सोयऱ्यांपैकी कोणी त्याला विचारले, ‘काय रे, काय चोरून खाल्लेस?’ आणि सगळे हसले. त्या दिवसापासून तो स्वयंपाकघरातच दाराआड जेवतो. त्याला काय सांगावे, असे विचारता.

दादा, घाम जाईल असे सांगण्यासारखे माझ्याकडे काही नाही. वाळा, चंदन, तुरटी, ताक, आंबट डाळिंब, सगळे करून झाले. त्यांतली तुरटी थोडी बरी, पण पोराच्या डोळ्यांत जाईल म्हणून तीही नको. झोपेत कोरडे असते तेवढे त्याला सांगा. मला ते कळल्यावर उगीच बरे वाटले होते. का येतो ते अजून कळलेले नाही. तो मोठा झाला आणि त्याला आवड असली तर आम्ही दोघे मिळून पाहू. एका कपाळावर ताळा जमत नाही, दोन असली तर काही उलगडेल.

चांद त्याच्यासाठी एक छोटी हलकी टोपी करतो आहे, जरीची, आतून जाळी सोडलेली. माप नाही म्हणून माझ्या डोक्यावरून अंदाज घेतला. ‘घराण्याचं डोकं एकच असणार,’ म्हणाला. त्याच्या मनगटांवर अजून वळ आहेत, पण बोटे पूर्वीसारखी चालतात. मी मुद्दाम पाहिले.

आम्ही उभयता ज्येष्ठ शुद्ध तृतीयेला वाईस पोचतो. चतुर्थीला मुंजीआधीचा ग्रहमख. त्या दुपारच्या पंक्तीत भाऊकाकांचा शेवटचा पाट मांडू नका. माझा पाट मधोमध मांडा आणि माधवाचा माझ्या शेजारी. वरणभात वाढला की मी आधी पंचा काढीन आणि सगळ्यांदेखत कपाळ पुसीन. मग त्याचा तो काढील.